महाडात थांबलेली पत्रं

पेन्सिलीची बारीक खूण, प्रत्येक नावापुढे एक... एक्केचाळीस खुणा. अश्वजितने महाडहून खुणा होऊन परत आलेला यादीचा कागद पुन्हा उलगडला. पोलादपूरच्या कॉलेजचा सर्व्हर तो सांभाळायचा; यादी त्यानेच केली होती, तिथल्या सगळ्यांची, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं — ‘या नावांची खाती महाडच्या सर्व्हरवर उघडू नयेत.’ उघडू नयेत! आता याहून सोपं मराठी आणायचं कुठून?

संस्था एक, कॉलेजं दोन, सर्व्हरही दोन. पण सगळ्यांच्या ईमेलच्या पत्त्यात संस्थेचं एकच नाव दिसावं अशी वरच्यांना हौस आली. मग ठरलं, की बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी महाडला जाईल आणि तिथं त्या माणसाचं खातं सापडलं नाही तरच पुढे पोलादपूरला येईल. आधी महाडला का — ते अर्थात विचारायचं नाही. म्हणजे आमचं महाडात नसणं हीच आमची मेल आम्हाला मिळण्याची अट. आणि महाडचा सर्व्हर सांभाळणाऱ्या भरतने ही यादी समोर ठेवून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खाती महाडात उघडून दिली होती. तीन आठवडे सगळं तिथंच साचत गेलं. कुणाला कळलंही नाही, कारण बहुतेक जण अजून जुनाच पत्ता देत होते.

“अरे, तुमची सोय म्हणून केलं,” सकाळी फोनवर भरत हसत म्हणाला होता. “पासवर्ड देतो, तूच हलव सगळं तुमच्याकडे. एवढं काय त्यात!”

एवढं काय त्यात... पहिलं खातं अश्वजितने स्वतःचंच उघडलं. आत एकच मेल. अलिबागच्या संस्थेतलं सिस्टिम अधिकाऱ्याचं कायम पद. मुलाखत सोमवारी सकाळी दहाला होती. आज बुधवार. नऊ वर्षं करारावर काढली, दर जूनमध्ये नवा कागद, नवी सही, आणि दर जूनमध्ये आईचं तेच — “झालास काय रे पक्का?” — तिला आता काय सांगायचं? त्याने अलिबागला फोन लावला. “मेल वेळेवर पोचल्याची नोंद आहे आमच्याकडे,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. खरंच होतं ते. पोचली होती.

आणि अर्जावर जुना, वर्षानुवर्षं नीट चाललेला पत्ता सोडून नवा लिहिला कुणी? मीच. पहिल्याच दिवशी. भारदस्त दिसत होता ना... दोन्ही सर्व्हर आपण जोडलेले, ते आपल्याला मिरवायचं होतं. भरतला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या अर्ध्या वाटेतून परत येत होत्या, आणि त्याचाही भरतवरच राग येत होता.

जेवण झाल्यावर तो एकेक खातं पोलादपूरला हलवत बसला. कुणाला पुस्तकांच्या जाहिराती, कुणाला विम्याची आठवण... एकोणतिसावं खातं श्रुतिकाचं. तीच संस्था, तेच पद. मुलाखत गुरुवारी सकाळी दहाला. उद्या.

श्रुतिका उमरठच्या वरच्या वाडीतली, चार वर्षांपासून इथं लॅब सांभाळणारी. जाहिरात तिला त्यानेच दाखवली होती, अर्ज त्याच्याच टेबलावर भरला होता, आणि ‘नवा पत्ता टाक, बरा दिसतो’ हेही त्यानेच सांगितलं होतं. पोरगी हुशार आहे, असं तो स्टाफरूममध्ये किती वेळा तरी म्हणाला होता. तेव्हा ते म्हणायला काही लागत नव्हतं.

तेवढ्यात तीच दारातून डोकावली. “दादा, अलिबागचं काय आलं नाय ना ओ अजून?”

“मला नाही आलं.”

“मग दोघांचं संगतीच येईल,” ती म्हणाली, आणि लॅबकडे गेली.

सकाळपासूनचा जळफळाट जरासा निवल्यासारखा वाटला त्याला. कशामुळे, ते लगेच कळलं... आणि कळल्यावरही बरंच वाटत राहिलं, ही खरी लाज. आजवर मी कुणाचं काही अडवलं नाही, असं तो छातीठोकपणे सांगत आला होता. पण अडवायला हातात होतं काय कधी? ती मेल हलवायला एक क्षण पुरला असता. तिची उमरठची एसटी पाचला सुटते. अजून दीड तास आहे, सांगू की, त्याने स्वतःला समजावलं — आणि तिसावं खातं उघडलं.