वगळलेल्यांची यादी

पेनाचं टोपण निळं होतं, प्लास्टिकचं, आणि चघळून चघळून त्याचा शेंडा पार चपटा झाला होता — आरोग्यवालीनं ते पुन्हा तोंडात घातलं, दाढेखाली धरलं आणि रिकाम्या हातानं नोंदवहीचं पान उलटलं, तेव्हा समोरच्या टेबलावरून बघता बघता सांख्यिकीवालीला वाटलं, शहरातल्या साऱ्या म्हाताऱ्यांचे रक्तदाब या बाईच्या ताब्यात आहेत आणि ही बाई टोपण खातेय. पंचेचाळिशीची बाई. घरी पोरांना सांगत असेल, सारखं काहीतरी तोंडात घालू नका म्हणून... तिनं नाक मुरडलं आणि ती स्क्रीनकडे वळली.

एकत्रीकरण कक्ष. नाव मोठं. खोली म्हणजे मोडक्या खुर्च्या टाकायची जुनी कोठी, आणि तीत चार खात्यांनी पाठवलेली चार टेबलं — आरोग्याचं, पाण्याचं, बसचं आणि ग्रंथालयाचं. चारही वेगवेगळ्या उंचीची, त्यामुळे एकमेकांना चिकटवून ठेवली तरी एकावरची फाईल दुसऱ्यावर सरकत नाही, उचलून वर द्यावी लागते नाहीतर खाली. मधे तिचं, सांख्यिकीचं, पाचवं. उद्घाटनाला साहेब म्हणाले होते, आता खात्याखात्यांतल्या भिंती पाडायच्या. आणि आठच दिवसांत त्यांच्या केबिनसाठी प्लायवुडची नवी भिंत उभी राहिली. बसवाला उगवतो दुपारनंतर. ग्रंथालयवाल्यानं पहिल्याच दिवशी कानांवर हात ठेवले — कोण काय वाचतं ते आम्ही देणार नाही. अरे, कोण काय वाचतं याच्याशी कुणाला काय देणंघेणं, माणूस यायचा कधी बंद झाला तेवढं सांग ना! आणि पाणीवाला तर घरी बसूनच मीटर वाचतो, हे तिनं तीन महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी लावून त्याच्या तोंडावर सिद्ध केलं होतं. तेव्हापासून पाठीमागे तिला गाळणीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

हे सगळं कशासाठी, तर गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त चित्रकला शिक्षक घरात मरून पडले आणि एकविसाव्या दिवशी कळलं. एकटे होते. त्यांचा पाण्याचा मीटर थांबला होता. पायाची पट्टी बदलायला ते आले नाहीत हे दवाखान्यात लिहिलेलं होतं. ग्रंथालयानं पुस्तक परत करा म्हणून तीन पत्रं धाडली होती. त्यांचा बसपास तीन आठवडे कुठल्याच यंत्राला लागला नव्हता. चौघांना थोडं थोडं ठाऊक आणि चौघेही मूग गिळून... मूग गिळून तरी कसं म्हणायचं, आपल्याला काही ठाऊक आहे हेच त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं. मग नियम ठरला, आणि तो तिनं लिहिला: ज्या पत्त्यावर सत्तरीपुढचं एकच माणूस आहे आणि साठीच्या आतलं दुसरं कुणी नाही, ते माणूस एकटं. अशा प्रत्येकाकडे उन्हाळाभर दर आठवड्याला नर्स जाणार. कालपासून एका भागात भेटी सुरू झाल्या होत्या, सोमवारपासून शहरभर. आज उरलं होतं ते वगळलेल्यांची यादी चाळायचं काम — घरात तरुण माणूस आहे म्हणून ज्यांना गाळलं, त्यांतले शंभर उचलायचे आणि बघायचं, की ते तरुण माणूस खरंच तिथं राहतं का.

राहतंय कसलं! पहिल्या वीसांतच सात निघाले. एक मुलगा पाच वर्षांपूर्वी बंदरावरच्या नोकरीला गेला, औषधपाणी तिकडं, बसपास तिकडचा, पण कागदावर अजून आईच्या शेजारच्या खोलीत झोपतो. दोन भाऊ, दोघांचीही नावं बापाच्या घरात, आणि दोघांनीही तिथल्या दवाखान्याची पायरी वर्षानुवर्षं चढलेली नाही — बाप ब्याऐंशीचा. निर्लज्ज. पत्ता बदलायला एक फॉर्म लागतो, एकच, तोही एका बाजूचा; पण तेवढे कष्ट कोण घेणार, शिवाय नाव काढलं की आपण म्हाताऱ्यांना टाकून आलो हे कागदावर येतं, ते नको. कागदावर सगळे सेवेला हजर, प्रत्यक्षात पसार. ती एकेका नावापुढे खूण करत गेली आणि प्रत्येक खुणेबरोबर तिला बरं वाटत गेलं, खाज सुटलेल्या जागी नख लागावं तसं बरं.

बत्तिसावी नोंद. पुरुष, वय एकोणऐंशी. त्याच पत्त्यावर स्त्री, वय बावन्न.

ती बावन्न वर्षांची स्त्री म्हणजे मी.

ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि ते असं ओळीत, एका भामट्याच्या खाली आणि दुसऱ्या भामट्याच्या वर, काळ्या अक्षरांत दिसणं... अकरा वर्षांपूर्वी ती त्या घरातून निघून ऑफिसजवळच्या दोन खोल्यांत आली, ती बाबांच्या जिभेपायी. वजनमापं तपासणारे निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात गेला, आणि घरी आले की तिला तोलायला बसायचे — भाजीत मीठ किती, बोलण्यात अक्कल किती. समोरच्याला डोळे बारीक करून बघायची त्यांची ती तऱ्हा अलीकडे मला आरशात दिसते. पत्ता बदलायचा राहिला. राहिला म्हणजे... पत्रं तिकडेच येतात, पुढच्या महिन्यात करू, एक फॉर्म तर आहे. आणि याच कक्षात, पहिल्याच आठवड्यात, आरोग्यवाली म्हणाली होती की सासऱ्यांना एकटं ठेवावं लागतंय, घरात जागा नाही, तेव्हा मी काय म्हणाले? आमचे बाबा माझ्याजवळच असतात. मनात असलं की जागा होते. तोंड वर करून म्हणाले. ती बिचारी नोंदवहीत डोकं घालून बसली आणि मला मोठं समाधान वाटलं.

डबा न उघडताच ती जिन्यात गेली आणि फोन लावला.

"हॅलो... कोण?"

"मी बोलतेय, बाबा."

"आज रविवार नाही."

"हो. सहजच केला. बरे आहात ना?"

"काल एक नर्सबाई आल्या होत्या गल्लीत. शेजारच्या आजींकडे. जाताना माझ्या दाराशी थांबल्या. एकटेच असता का, म्हणाल्या."

"मग?"

"मग काय? सांगितलं, मुलगी असते. ऑफिसला गेलीय."

"बाबा! असं का सांगितलंत?"

"खोटं काय त्यात? त्यांच्याही कागदात तुझं नाव होतं. बघून म्हणाल्या, हो हो, आहे की. मला नकोय कुणी घरात येऊन नाडी बघायला. पडलो तेव्हासुद्धा कुणाला बोलावलं नाही मी."

"पडलात? कधी?"

"झाला महिना. न्हाणीत पाय घसरला. दोन-अडीच तास बसून होतो, मग उठलो आपला आपण."

"अहो, हाक तरी मारायची कुणाला!"

"कुणाला मारू? तू ऑफिसला होतीस ना."

हे ते चिडून म्हणाले असते तर मीही चिडले असते, आणि सगळं सोपं झालं असतं. पण ते चिडले नव्हते. काटा थांबल्यावर वजन वाचून दाखवावं तसं सांगितलं. ती म्हणाली, मी माझं नाव काढतेय तिथून, म्हणजे तुमच्याकडे येत जातील त्या.

"काढ की. तुझं नाव, तू काढ," बाबा म्हणाले. "मग कुणी विचारलं घरात कोण असतं, तर काय सांगायचं तेवढं सांगून ठेव."

आणि फोन ठेवला.

परत येऊन ती बसली. बत्तिसाव्या नोंदीपुढे 'बरोबर' अशी खूण करून पुढे जाता आलं असतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं... कुणाच्या बापाला! तिला हसू आलं, घाणेरडं, घशातच राहिलेलं. की सरळ उठावं, जाऊन त्यांना घेऊन यावं — दोन खोल्यांत, त्या जिभेसकट? जिना चढवेल का त्यांना, दिवसभर ते करतील काय, आणि संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की... लगेच कारणं. झरझर. त्या सात जणांकडेही अशीच असतील, कदाचित माझ्यापेक्षा बरी असतील.

नोंद बदलायची तर दुसऱ्या खात्याच्या माणसानं ती बघून मान्य करावी लागते. हाही नियम माझाच, कारण यांच्यातल्या एकावरही माझा विश्वास नव्हता. बसवाला अजून उगवला नव्हता, ग्रंथालयवाला रजेवर, पाणीवाला जेवून कुठं उलथला होता कोण जाणे. उरली आरोग्यवाली. अख्ख्या शहरातून उरली ती हीच. मी बदल भरला, कारणाच्या रकान्यात 'अकरा वर्षांपूर्वी स्थलांतर' लिहिलं, आणि तो पुढे पाठवला. समोरच्या टेबलावर आरोग्यवाली वाचत होती, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलीसारखी. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं, तिनं तोंड उघडायची खोटी. तिनं मान्य केलं. मग कोरा फॉर्म घेऊन खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आली.

"भेटीचा फॉर्म आत्ताच भरून टाकू या. सोमवारच्या पहिल्या फेरीत घालते त्यांना. जिना आहे का हो?"

"नाही. तळमजला."

"सकाळी कधी उठतात?"

"पाचला. उठून लांबवर फिरून येतात."

"दुपारी झोपतात?"

"छे, कधीच नाही."

"ऐकू नीट येतं?"

"अगदी नीट."

ती लिहीत होती आणि मी धडाधड सांगत होते, आणि सांगता सांगता मला आपलाच आवाज ऐकू यायला लागला — खणखणीत, माहीतगार — आणि कळलं की हा जो माणूस मी सांगतेय तो अडुसष्ट वर्षांचा आहे. लांबवर फिरून येणारा, मला तोलणारा, ज्याच्यावर चिडून मी निघाले तो. न्हाणीत अडीच तास बसलेल्या म्हाताऱ्याची माझी ओळखच नाही.

"थांबा. खोडा ते," मी म्हणाले.

"कुठलं?"

"जिन्याचं राहू दे. बाकीचं... माहीत नाही मला."

तिनं वर पाहिलं नाही. एकेक उत्तर खोडलं आणि प्रत्येकापुढे 'माहीत नाही' असं पूर्ण लिहिलं, सावकाश. मी तिच्या चेहऱ्यावर तुच्छता शोधत होते. हक्कानं शोधत होते, माझी होती ती, मिळायला हवी होती. ती नव्हती, आणि मला राग आला. एवढी मंद आहे का ही बाई, की एवढी... पुढचा शब्द मला सापडेना.

"शेवटचंच," ती म्हणाली. "तातडीनं बोलावलं तर तुम्ही किती वेळात पोचाल?"

बसनं पाऊण तास. पाऊण तास म्हणायला मी तोंड उघडलं. ते पडले त्याला महिना झाला होता. मी शेवटची गेले होते त्याला चार महिने. तिचं पेन रकान्यावर थांबलं होतं, आणि मला वाटलं, हिनं आपल्या मनानंच काहीतरी भरून टाकावं. काहीही भरावं. मी तपासणार नाही.