निळ्या साच्याची खरी हकीकत

मी एक जुना निळा साचा आहे. मित्रांनो, दुरून पाहिलेत तर तुम्ही मला पिस्तूल समजाल. जवळ आलात की हसाल, कारण माझ्या नळीला भोक नाही आणि माझा चाप जागचा हलत नाही. मी नखशिखान्त भरीव प्लास्टिक आहे. माझ्याने आजवर एक माशीसुद्धा मेली नाही.

माझा धनी हॉलिस टॅकेट. केंटकीच्या डोंगरात, टायरच्या दुकानाला लागून त्याचे चामड्याचे दुकान आहे. लोक कमरेला पिस्तूल लावतात, त्याची म्याने तो बनवतो. ओले चामडे माझ्यावर ताणून बसवायचे, हाडाच्या पट्टीने घासून माझी प्रत्येक कड त्यात उठवायची आणि रात्रभर वाळवायचे. सकाळी मला बाहेर काढले की चामड्यात माझी जागा राहिलेली असायची. खऱ्या पिस्तुलाने तिथे राहायचे.

फळीवर आम्ही तेवीस भाऊ होतो. दोन साच्यांत गल्लत होऊ नये म्हणून हॉलिसने पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या मुठीखाली पांढऱ्या शाईने लिहून ठेवले होते. माझ्या मुठीखाली लिहिले होते, 'सेफ्टी नाही.' कारण माझ्या जातीचे पिस्तूल दोन प्रकारचे येते. एकाला अंगठ्याखाली सेफ्टीची छोटी कळ असते. ती वर असली की चाप दाबला तरी गोळी सुटत नाही. दुसऱ्याला ती नसते. मी दुसऱ्याचा साचा. गिऱ्हाइकांना दाखवताना हॉलिस माझी पाठ थोपटून म्हणायचा, "हा पठ्ठ्या कधी खोटं बोलत नाही." बारा वर्षे मी त्या शब्दांवर जगलो.

एके दिवशी अर्विन स्लोन आला. गावातला औषधवाला आणि हॉलिसचा शाळेपासूनचा दोस्त. आदल्या महिन्यात दोघे जण सुरा घेऊन त्याच्या दुकानात शिरले होते आणि वेदनाशामक गोळ्या उचलून पळाले होते. गल्ल्याखाली त्याची नात टेसी बसलेली होती. तिला काही झाले नाही, पण अर्विनची झोप उडाली. त्याने परवाना काढला. आता अंगावर दिसणार नाही असे आटोपशीर पिस्तूल त्याला निवडायचे होते.

हॉलिसच्या दुकानात निवड आमच्यावरूनच व्हायची. एकेक साचा कमरेला खोचायचा, खुर्चीत बसायचे, बुटाची नाडी बांधायची, वरच्या फळीवरची बरणी काढायची. सर्वांत धाकटा भाऊ छान लपला, पण अर्विनची दोनच बोटे त्याच्या मुठीवर बसली.

"ही काय अंघोळीच्या साबणाची वडी आहे का रे? हातातून सटकायची!" अर्विन म्हणाला.

शेवटची परीक्षा अर्विनबरोबर आलेली त्याची बायको मर्टल घ्यायची. रविवारी चर्चमध्ये अख्खे गाव एकमेकांना मिठ्या मारते, तिथे कोणाला कळता कामा नये. थोरल्या भावाच्या वेळी ती मिठी सोडून ओरडलीच, "अरे देवा, बरगडीत दाराची कडी घुसली माझ्या!" मग माझी पाळी आली. तिने घट्ट मिठी मारली आणि विचारले, "आत आहे ना? की खोचायचाच विसरलास?"

मी निवडला गेलो. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

"सेफ्टीशिवायचं घे. ऐनवेळी कळ खाली करायला विसरशील, विसराळू आहेस," हॉलिस म्हणाला.

"विसरलो तर मी मरेन. पण टेसी शाळेतून दुकानातच येते. मला कळ पाहिजेच. बाकी तू म्हणशील ते."

अर्विनने एवढा एकच हट्ट धरला होता.

त्याने कळ असलेले पिस्तूल घेतले आणि हॉलिसला तसे कळवलेही. त्या प्रकारचा साचा दुकानात नव्हता, मागवायला तीन आठवडे लागले असते. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर होता, कामाचा ढीग पडला होता. हॉलिसने फळीकडे पाहिले आणि मला उचलले. माझी मूठ वाचायची तसदी त्याने घेतली नाही. त्याला पाठच होते.

"एका कळीचा तर फरक. वापरून चामडं सैल होतं," तो स्वतःशीच बोलला.

मित्रांनो, साच्याला तोंड नसते. जिथे कळ यायला हवी तिथे माझे अंग सपाट आहे. तिथेच त्याने चामडे घासून घासून घट्ट बसवले. पिस्तूल आत सरकवताना तीच कड कळीला खाली ढकलणार होती. आवाजही होणार नव्हता. अर्विन कळ वर करून पिस्तूल ठेवणार आणि निर्धास्त होणार. बारा वर्षांत प्रथमच माझ्याकडून खोटे बोलवून घेतले गेले.

"एकदा पिस्तूल घालून बघायचं का?" म्यान न्यायला आलेल्या अर्विनने विचारले.

"माझ्या कामावर शंका? डोळे मिटून वापर, लेका!"

अर्विनने त्याला मर्टलच्या हातचा सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक दिला. हॉलिसने त्यातले तीन तुकडे माझ्यासमोर बसून खाल्ले.

थंडी पडली. एका शनिवारी सकाळी आपल्या औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत अर्विन पिस्तूल कमरेला ठेवत होता. जाकिटाच्या नाडीचा मणी त्याबरोबर म्यानात गेला आणि चापापाशी अडकला. कळ वर असती तर काहीच झाले नसते. गोळी त्याच्या मांडीतून गेली. टेसी पुढच्या खोलीत होती. ती धावत आली तेव्हा आजोबा जमिनीवर होते.

अर्विन वाचला, पण पाय कायमचा लंगडा झाला.

आणि हॉलिस? तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "कंपनीनंच साचा चुकीचा धाडला. मी काय करणार?" हे तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला. मग ज्या हाताने पाठ थोपटायचा त्याच हाताने त्याने मला चामड्याच्या कातरणांच्या पिंपात फेकले.

दोन महिन्यांनी काठीचा ठकठक आवाज आला. मागून मर्टलचा.

"साचा दाखव," अर्विन म्हणाला.

हॉलिसने मला पिंपातून काढले. "हा बघ. दिसायला अगदी तसाच. फसलो मी."

अर्विनने आपले रिकामे पिस्तूल माझ्याशेजारी ठेवले. दोघांवरून अंगठा फिरवला. मग मला उलटे केले आणि चष्मा सावरून मोठ्याने वाचले, "'सेफ्टी नाही.' हे अक्षर कंपनीचं का रे, हॉलिस?"



"केक तरी पचला का?" मर्टलने विचारले.

अर्विनने आपले पिस्तूल परत उचलले. "तीन आठवडे थांब म्हणाला असतास, तर थांबलो असतो. तू म्हणालास, डोळे मिट. मी मिटले."

त्याने मला खिशात घातले आणि ते दोघे निघून गेले. हॉलिस दारापर्यंतही आला नाही.

आता मी औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी असतो. टेसीने आजोबांच्या सगळ्या जाकिटांच्या नाड्या कात्रीने कापून टाकल्या आहेत. कोणी पिस्तूल निवडायचा सल्ला विचारायला आला, की अर्विन आधी मला उलटा करून त्याच्या हातात देतो आणि वाचायला लावतो.

मित्रांनो, खरे पिस्तूल कुठे दिसले तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि मोठे होऊन कोणासाठी जे काही घडवाल, ते त्या माणसाला स्वतः घालून बघू द्या. त्याने विचारले तर रागावू नका. माझ्या मुठीखाली खरे लिहिलेले होते. ज्याने ते लिहिले, त्यानेच मला उलटे करून पाहिले नाही.