समोरची कड

रजियानं रुपया चिमट्यात धरला आणि दुकानाच्या पायरीवर, उन्हात आणला. निजामाचा हाली रुपया, चारमिनारवाला. वरच्या अंगाला कडेचा नखाएवढा तुकडा नव्हता. पोळी वाटीनं कातरावी तशी गोल खाच.

“बघा, मॅडम, घाई न्हाई,” सिद्रामप्पा मागून म्हणाले. “तुमच्या अब्बांनी दिवाळीतच सांगितलंय, टाकसाळीतलीच चूक हाय. पण नांदेडवाले म्हणतेत, शास्त्र शिकलेल्या माणसाचं बी मत घ्या. फकस्त तुमचं ‘हाव’ पायजे.”

सिद्रामप्पा उदगीरचे डाळीचे व्यापारी. जुनी नाणी हा त्यांचा एकुलता एक शौक. येत्या रविवारी नांदेडच्या प्रदर्शनात हा रुपया काचेखाली मांडायचा होता. त्याखाली ठेवायचा कागद त्यांनी छापूनच आणला होता : ‘टाकसाळीतील चूक. पारख : ताहेर, लातूर.’

अब्बांची चाळीस वर्षं चांदीचे दागिने दुरुस्त करण्यात गेली होती. नाणं टाकसाळीतच बिघडलं की नंतर कुणाच्या हातून, हे उदगीर-देगलूरपर्यंत त्यांच्या शब्दावर ठरायचं. आज मात्र सिद्रामप्पांनी रुपया रजियापुढे धरला तेव्हा अब्बा म्हणाले होते, “तिला कशाला तरास? तिची बॅच असती.” बॅचला अजून तास होता. सकाळच्या तासाला दीडशे पोरांना भौतिकशास्त्र शिकवून आल्यामुळे तिच्या बोटांना खडू तसाच होता.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. खाच गुळगुळीत होती. खाचेजवळची अक्षरं एकदम तुटली नव्हती, हळूहळू विरत गेली होती. टाकसाळीत चकतीच चुकून कापली गेली की होतं तसंच. अब्बा बरोबर होते. तिला बरं वाटलं. मग केवळ सवयीनं तिनं रुपया फिरवला आणि खाचेच्या बरोबर समोरची कड पाहिली.

ती कड पूर्ण होती. उभी, धारदार.

रजियानं भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. मग आत पाहिलं. अब्बा खाली मान घालून एका जोडव्याला कानस लावत होते. अलीकडे ते दोऱ्याचं टोक सुईत घालायला तिला बोलवायचे. एक ‘हाव’ म्हटलं असतं तर चाळीस वर्षांचा शब्द राहिला असता.

“आप्पा, ही टाकसाळीतली चूक नाही,” ती म्हणाली. “नंतर कापलंय.”

कानशीचा आवाज थांबला.

“आँ?” सिद्रामप्पा आधी तिच्याकडे आणि मग अब्बांकडे वळले. “ताहेरभाई, लेक तुम्हालाच नापास करून राहिली की! तुमच्या बॅचला येणारी आमची वर्षाराणी म्हणती ते खोटं न्हाई, मॅडम अर्धा मार्क बी सोडत न्हाईत.”

“ठसा मारायच्या आधी चकतीची कड दाबून उभी करतात,” रजिया वर्गात सांगावं तसं सांगू लागली, पण आवाज बारीक होता. “दाब समोरासमोरून बसतो. एका बाजूला तुकडाच नसेल, तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. ती कड दबकी राहते. इथं ती पूर्ण आहे. म्हणजे ठसा पडला तेव्हा रुपया अखंड होता.”

सिद्रामप्पांनी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. “मग इतकं साफ काम कुणाचं?”

“माझं,” अब्बा म्हणाले.

त्यांनी कानस खाली ठेवली. मान ताठ होती.

“भूकंपाच्या वर्षी किल्लारीकडून लई बाया आल्त्या. गळ्यातल्या माळंतले रुपये सुटे करून घ्यायला. माळंत ओवायचं नाकं काढलं की रुपयावर डाग राहतो. डाग दिसला की घेणारा विचारतो, कुणाची माळ मोडली? म्हणून डागाची जागाच कापून टाकायचो. रुपया जन्मालाच तसा आला वाटावं, असं.”

“अन् दिवाळीत?” सिद्रामप्पांनी विचारलं.

“वळखू आलं न्हाई. चूक माझी. कागूद फाडा.”

“ही माळ कुणाची व्हती?”

“सहा वर्षं झाली, आप्पा. आता काय आठवायलंय!”

रजियानं चटकन अब्बांकडे पाहिलं. कुठल्या गावच्या कुठल्या सुनेच्या पैंजणाला कोणत्या साली घुंगरू बसवलं, हे न विचारता सांगणारा माणूस तोंड पुसत होता.

सिद्रामप्पांनी कागदाची चौकोनी घडी करून खिशात घातली. “नेतो मी नांदेडला तरी. ताहेरभाईचं काम म्हणून मांडतो. टाकसाळीला बी जमलं नसतं.”

“न्हाई. काय बी लिहू नका. नुस्ता रुपया ठिवा.”

सिद्रामप्पा गेल्यावर रजिया पायरीवरून आत आली.

“अब्बा, दिवाळीतच ओळखलं होतं ना तुम्ही?”

अब्बांनी जोडवं उचललं, पुन्हा ठेवलं. “ती समोरच्या कडंची गोष्ट फिरून सांग.”

तिनं पाटावर बोटाच्या खडूनं गोल काढला, दोन बाण काढले आणि एक बाण पुसला. अब्बा पहिल्या बाकावरच्या पोरासारखे वाकून ऐकत होते. तिचं सांगून झालं तरी बराच वेळ ते त्या गोलाकडे पाहत राहिले.

“म्हंजे समोरची बी जरा घासायला पायजे होती.”

“घासलेलं भिंगाखाली दिसलं असतं, अब्बा.”

“तुला,” अब्बा म्हणाले. “बाकी कुणाला न्हाई.”