बिनदाराच्या वस्तीतलं कुलूप

मित्रांनो, राहीबाईच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून ठेवलेली जुनी बाभळीची फळी म्हणजे मी. मला बिजागरी नाही की कडी नाही. शनिशिंगणापूरला लागूनच आमची वस्ती आहे आणि इथे घराला दार लावायची रीत नाही. राखायला देव बसलेला असताना चोराची भीती कुणाला? पण कुत्री देवालाही जुमानत नाहीत, ती थेट भाकरीच्या टोपल्यात तोंड घालतात. म्हणून राहीबाईच्या लेकानं, श्रीमंतनं, मोडक्या बैलगाडीची एक फळी काढली, तासली, अंगणात बसून दगडानं घासून गुळगुळीत केली आणि चौकटीत आडवी लावली.

"आये, ही आपल्या घराची राखनदारीन बरं का," तो म्हणाला. ते ऐकून मी अशी काही फुगले की पुढची दोन वर्षं मी कुणाला मोजलंच नाही.

पुढे श्रीमंत पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला. राहीबाईला अक्षर ओळखीचं नव्हतं. त्याच सुमारास वस्तीच्या शाळेवर यशया मास्तर आले. ख्रिस्ती, मितभाषी, एकटा माणूस. अंगणापलीकडची गोठ्याशेजारची खोली राहीबाईनं त्यांना दिली आणि ते तिला लेकाची पत्रं वाचून दाखवू लागले. "मी खुशाल आहे" एवढंच त्यात असायचं, पण ती दोन-दोनदा वाचून घ्यायची.

मास्तरांनी एक पत्र्याची पेटी आणली होती आणि त्या पेटीला होतं पितळी कुलूप. झालं! वस्तीतल्या पोरांनी जन्मात कुलूप पाहिलं नव्हतं. जो तो ते बघायला धावू लागला. माझ्या समोरून जायचे, मला धक्का देऊन जायचे, पण माझ्याकडे कुणी ढुंकून बघेल तर शपथ! मी ऊन-वारा खाऊन काळी पडलेली आणि ते मात्र सोन्यासारखं पिवळंधमक. माझा नुसता जळफळाट झाला. राखणदारीण मी, आणि मान त्या टीचभर पितळाला?

मग एके दिवशी थोरले सूर्यभान अंगणात येऊन बसले. वस्तीत त्यांचा शब्द चाले.

"राहीबाई, मास्तर आपल्याला चोर समजतो," ते म्हणाले.

"काय बोलता! मानूस लई गुनाचा हाय."

"गुनाच्या मान्साला कुलूप कशापायी लागतंय? आमी देवाच्या भरवशावर घर उघडं टाकतो, आन् ह्यो पेटीला कुलूप घालतो. आपला देव त्याला चालत न्हाई, न् आपुनबी चालत न्हाई."

मित्रांनो, मला ठाऊक होतं. समोरच्या खोलीत मास्तर पेटी कशी उघडतात हे मी रोज बघत होते. त्यांना किल्ली लागतच नव्हती. मला जीभ नाही, हे खरं. पण असती तरी मी बोलले नसते. त्या कुलपाची नाचक्की होतेय, याच्याच आनंदाच्या मला उकळ्या फुटत होत्या.

हळूहळू शाळेत पोरं येईनाशी झाली. मास्तर रस्त्यानं निघाले की बाया पाठ फिरवायच्या. अशातच श्रीमंतचं पत्र आलं. राहीबाईनं ते मास्तरांकडे नेलं नाही, उतरंडीतल्या गाडग्यात ठेवलं. "घोडेगावच्या बाजारी कुनाकडून तरी वाचून आनतो," सूर्यभान म्हणाले. एक बाजार चुकला, मग दुसरा चुकला. खुशालीचंच पत्र असणार, घाई कसली, म्हणून तीही थांबली.

अखेर ओस शाळेला कंटाळून मास्तरांनी बदली मागून घेतली. गाडी अंगणात आली. गाडीवानानं पेटी उचलली, तोच कुलूप आपोआप सुटून माझ्या पायथ्याशी पडलं. राहीबाईनं ते उचललं.

"मास्तर, ह्ये तर उघडंच हाय!"

"ते कधी लागलंच नाही, बाई. किल्ली हरवून वर्षं झाली. पेटीची कडी सैल झालीय, झाकण वर राहिलं की उंदीर पुस्तकं कुरतडतात. म्हणून आपलं अडकवून ठेवायचो."

"मंग आमाला सांगितलं का न्हाई तुमी?"

"मला कुणी विचारलंच नाही."

ती तशीच आत गेली आणि गाडग्यातलं पत्र घेऊन आली. मास्तर गाडीला टेकून मोठ्यानं वाचू लागले. 'आई, मला पोटात गोळी लागली. मी पुण्याच्या लष्करी इस्पितळात आहे. तू लवकर ये. इथे खोलीला दार आहे. ते वाजलं की तूच आलीस असं वाटतं.'

पत्रावरची तारीख बावीस दिवसांपूर्वीची होती.

मास्तरांनी पेटी खाली फेकली, राहीबाईला गाडीत बसवलं आणि नगर स्टेशन गाठलं. चौथ्या दिवशी दोघं परत आली. श्रीमंतच्या खाटेवर दुसराच शिपाई होता. श्रीमंत पाच दिवसांपूर्वीच गेला होता. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असं परिचारिकेनं सांगितलं.

सूर्यभान भेटायला आले. मास्तरांपुढे हात जोडून उभे राहिले. मास्तरांनी त्यांचे हात खाली केले आणि बदलीच्या गावी जायला गाडीत बसले.

"ह्ये माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," राहीबाई कुलूप घट्ट धरून म्हणाली. तिनं माझ्या अंगात खिळा ठोकला आणि ज्याचा मी एवढा हेवा केला ते कुलूप माझ्याच गळ्यात अडकवलं. मला घासून गुळगुळीत करणारे हात गेले होते. त्या खिळ्याची तक्रार मी कोणत्या तोंडानं करू?

मित्रांनो, कुणाचं वागणं खटकलं तर आधी त्याच्यापाशी जा आणि त्यालाच विचारा. आणि खरं ठाऊक असूनही दुसऱ्याची फजिती बघत बसाल, तर तुमच्यात आणि माझ्यासारख्या लाकडात फरक तो काय?

वारा सुटला की कुलूप माझ्या अंगावर टकटक वाजतं. कुणीतरी दार वाजवतंय असं वाटून राहीबाई अजून चुलीपासून मान वर करते.