सहाची नोंद

हवामान कचेरीत त्यांना सगळे पाराकाका म्हणत. तापमापक वाचण्यात आयुष्य गेलेलं, आणि स्वतःचा पाराही चटकन चढायचा. निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्या सकाळी एक बाई आली. "बावीस वर्षांपूर्वीची एक नोंद बघायचीय. उन्हाळा सरत आला होता, एकोणतीस तारीख."

"कोर्टाचं काम आहे?"

"नाही, वडिलांचं. ते बस चालवायचे. त्या दिवशी सहाला दहा कमी असताना बस पुलाच्या कठड्यावर आदळली. कंडक्टरचा उजवा हात गेला. 'सूर्य डोळ्यांवर आला, काही दिसलं नाही,' असं वडील घसा फोडून सांगत होते. चौकशीत तुमच्या कचेरीचा दाखला आला, आकाश पूर्ण ढगाळ. नोकरी गेली, वर खोटारडे ठरले. आता तेच म्हणतात, ढग असतील बहुतेक, मलाच डुलकी लागली असेल. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय."

काकांनी नोंदवही काढली. सूर्यास्त, सहा बावन्न. सहाची नोंद, पूर्ण ढगाळ. अक्षर त्यांचंच होतं.

आणि त्यांना तो दिवस आठवला. फुटबॉलचा अंतिम सामना होता. चार वाजता आभाळ गच्च होतं. ढग जातात कुठे पळून, असं म्हणत त्यांनी सहाची नोंद चारलाच लिहून टाकली होती आणि मैदान गाठलं होतं.

"परवा या," ते कसंबसं म्हणाले. "आणखी कागद बघावे लागतील. पत्ता लिहून ठेवा."

घरी त्यांचं बूड एका जागी टिकेना. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. नळ सुरू ठेवून गच्चीवर जाऊन उभे राहिले.

"अहो, काय झालंय?" बायको वैतागली. "पिल्लं तोंडात धरून मांजर हिंडतं, तसे हिंडताय घरभर!"

"काही नाही. उकडतंय."

"तुम्हीच सकाळी म्हणालात, आज हवा गार आहे."

ते पुन्हा गच्चीवर गेले. कुणाला कळणार होतं? चार महिने तोंड शिवून काढले की सुटलो. पण मनात एकच घोळत होतं: मैदानावर ऊन होतं का? काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी ते तळघरातल्या कपाटांशी झटले. कचेरीच्या गच्चीवर काचेचा एक भरीव गोळा असतो. ऊन त्यातून जाऊन खालच्या, तासांच्या खुणा छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर पडतं आणि तिला जाळत जातं; ढग असला की पट्टी कोरी राहते. रोजची पट्टी काढून गठ्ठ्यात बांधायची. चौकशीवाल्यांनी या पट्ट्या कधी मागितल्याच नव्हत्या.

दुपारी एकोणतीस तारखेची पट्टी सापडली. साडेचारपर्यंत कोरी. तिथून सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत सलग करपलेली रेघ.

परवाची वाट न बघता ते थेट बाईच्या घरी गेले. म्हातारा ड्रायव्हर खिडकीशी चपलेचा अंगठा शिवत होता. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि पट्टी पुढे केली. म्हाताऱ्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो."

"नाही."

"तुम्ही कुठे होतात?"

"मॅच बघायला."

"कोण जिंकलं?"

काकांनी खूप आठवून पाहिलं. "आठवत नाही."

लेक काहीतरी बोलायला पुढे झाली, पण म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं. "साहेबांना, खात्याला काय लिहायचं ते लिहा. ते तुमचं तुम्ही बघा. आधी माझ्याबरोबर चला. कंडक्टर दोन गल्ल्या पलीकडे राहतो. बावीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही."

"मी काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंत तेच. मॅचसकट."

कंडक्टरने दार उघडलं आणि ड्रायव्हरला बघताच लावायला घेतलं. काकांनी फटीत पाय घातला आणि उंबऱ्यावरूनच बोलायला सुरुवात केली. बोलताना दोनदा अडखळले, पण मॅच गाळली नाही. कंडक्टर कितीतरी वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने दार पूर्ण उघडलं.

"तुम्ही बाहेरच थांबा," तो काकांना म्हणाला, आणि ड्रायव्हरकडे वळला. "तू आत ये."