चालू राहिलेलं बटन

लाईन गेली की आपण काय करतो? कपाळाला हात लावतो, वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडतो आणि ओसरीवर जाऊन बसतो. बटन मात्र तसंच राहतं. कळंबजवळच्या एका गावातले बबनरावही तुमच्याआमच्यासारखेच. त्यांच्या शेतातल्या मोटरीला ऑटो बसवलेला होता. लाईन कधीही येवो, मोटर आपली सुरू व्हायची. त्यामुळे बटन बंद करणं त्यांना नसता उद्योग वाटायचा.

दिवाळीनंतर सिलिंडर संपलं, नवं काही येईना, म्हणून त्यांनी विजेची शेगडी आणली. स्वयंपाकघरात अर्ध्या खोलीत वेचणीचा कापूस भरलेला होता.

"कापसापाशी शेगडी नोका ठेवू जी," त्यांची बायको कोकिळा म्हणाली.

"चार दिवसाचं तं काम हाय. काय होते?" बबनरावांनी तिला उडवून लावलं.

त्या दिवशी कोकिळा सकाळीच वेचायला गेली. मुलगी खुशी कॉलेजात. बबनरावांनी स्वतःच चहा मांडला आणि लाईन गेली. घटकाभर वाट पाहून, शेगडी तशीच ठेवून, ते कुलूप लावून शेतात गेले. दुपारी लाईन आली. चहाच्या गंजातलं पाणी आटलं, पातेलं तापून लाल झालं, बाजूच्या कापसानं पेट घेतला. तेवढ्यात कोकिळा घरी परतली. धूर पाहून तिनं कुलूप उघडलं, बादली उचलली आणि सगळं पाणी त्या चालू शेगडीवर ओतलं. विजेच्या धक्क्यानं ती तिथंच पडली. शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडून तिला बाहेर ओढेपर्यंत ती पार भाजली होती.

यवतमाळच्या दवाखान्यात ती चार दिवस होती. शेवटच्या रात्री नवऱ्याला म्हणाली, "चहा मी नोता ठेवला, मले ठाऊक हाय. पण खुशीले सांगू नका. पोरीले बाप पाह्यजे."

बिचारी! जाता जाताही नवऱ्यालाच सांभाळून गेली. आणि बबनराव तिच्या त्या शब्दाआड लपून बसले.

तेरवीला मांडवात पंगत बसली. कोकिळेची जाऊ बबिता वाढता वाढता सांगत होती, "वहिनी पह्यलेपासून धांदरटच. शेगडी चालू ठेवून कोणी वावरात जाते का, बाप्पा?" बायका मान हलवत होत्या. खुशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. बबनराव ताटातला भात नुसता कालवत बसले.

तेव्हा शंकरसिंग उठला. जवळच्या तांड्यावरचा हा लाईनमन. त्यानं ताटाला हातसुद्धा लावला नव्हता.

"बाई, मेलेल्या माणसाले कायले बोलून राह्यल्या?" तो म्हणाला. "त्या दिवशी फॉल्ट काढून लाईन मी सोडलती. माह्याच हातानं. तेव्हापासून मले झोप नाही."

"तुमचा काय दोष, भाऊ?" कोणीतरी म्हणालं. "तुमचं तं कामच हाय ते."

"दोष नसन. पण सांगतो, ऐका. मोटरीची सवय घरात नाही चालत. लाईन गेली म्हणजे शेगडी बंद झाली, असं नाही. ती वाट पाहत असते. बटन बंद करा, पिन काढा, मंग घर सोडा. कापूस, कपडा जवळ ठेवू नका. आन् आग लागलीच तं पयले मेन स्विच पाडा. विजेवर पाणी नाही टाकत कोणी! हे मी घरोघरी आधीच सांगायले पाह्यजे होतं. नाही सांगितलं."

ज्याचा काडीचा दोष नाही, तो माणूस चारचौघांत स्वतःला दोष देत होता. आणि आपण? बबनरावांना राहवलं नाही. ते पानावरून उठले.

"चहा मी ठेवलता!" ते ओरडलेच. "बटन मीच चालू ठेवलतं. कोकिळा तं घरातबी नोती. मी मारलं तिले!"

बबिताच्या हातातली वरणाची बादली तशीच राहिली. खुशी बापासमोर येऊन उभी राहिली. आता ही काय बोलेल या भीतीनं त्यांनी मान खाली घातली.

"तेरा दिवस मी आईवर रागावली होती, बाबा," ती म्हणाली. "तिच्यासाठी नीट रडलीबी नाही मी. तेरा दिवस!"

मग ती आईच्या फोटोसमोर बसली आणि हंबरडा फोडून रडली. बबनरावांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, पण ठेवायचा धीर झाला नाही.

पुढं बबनरावांनी कापूस गोठ्याशेजारच्या खोलीत हलवला आणि शेतातल्या मोटरीचा ऑटो काढून टाकला. आता गावात लाईन गेली की ते दारोदार जातात. "बटन बंद केलं का, बाई?" म्हणून विचारतात. पोरं हसतात, पण घरातल्या बाया उठून बघतात. खुशी अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

मंडळी, लाईन गेली की उठा आणि बटन बंद करा. एवढ्याशा कामाला कंटाळा नको. आणि चूक झालीच, तर ती आपल्या तोंडानं कबूल करा. गेलेल्या माणसाच्या माथी मारू नका, त्याला उत्तर देता येत नाही.