खांद्यावरची थाप

बोलपट आले आणि माझं काम पार उलटं झालं. आधी मी नट्यांना नटवायची. आता मी कपड्यांची तोंडं बंद करते. रेशमी परकर सळसळतो, काढा. मण्यांची माळ वाजते, काढा. बुटांचे तळ खटखटतात, त्यांना खालून जाड लोकरी कापड चिकटवा. मिस्टर पिम नावाचा एक किडकिडीत माणूस काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसतो. पूर्वी तो टेलिफोनच्या तारा जोडायचा. त्याचा मायक्रोफोन फुलांच्या टोपलीत लपवलेला असतो, आणि त्याला नटांचं बोलणं सोडून बाकी सगळं स्वच्छ ऐकू येतं. बाहेरून आगगाडी गेली की आम्ही सगळे आहोत तिथे गप्प उभे राहतो आणि मनातल्या मनात रेल्वेला शिव्या घालतो.

त्या हिवाळ्यात आमच्या लंडनबाहेरच्या स्टुडिओत नाचणाऱ्या जोडप्याचं चित्र चाललं होतं. गोष्ट नेहमीचीच. दोघं नाचतात, भांडतात, चषक जिंकतात, शेवटी चुंबन. अडचण एवढीच, की नायकाला नाचता येत नव्हतं आणि नायिकेला चालणंही धड जमत नव्हतं. नायक रॉडरिक व्हेन पहिल्याच दिवशी म्हणाला, "ही जमीन चिकटते." मेण घासून गुळगुळीत करून दिली, तर म्हणाला, "आता घसरते." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी ब्रॅमली साहेबांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, शहरातल्या एका नाचघरातून पगारी नाचणाऱ्यांची एक खरी जोडी मागवली.

आयव्ही थॅकर आणि लेनर्ड हॅगट. आयव्हीने नायिकेसारखाच झगा आणि केसांचा टोप घालून कॅमेऱ्याकडे पाठ ठेवून नाचायचं. तोंड उघडायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. लेनर्ड झाला होता नायिकेचा आधीचा साथीदार. नायक येतो, त्याच्याकडून तिला घेतो आणि गोष्ट सुरू होते, म्हणजे लेनर्डचं काम तिला सोडून देण्याचं.

मला माणसांबद्दल फार कुतूहल. माझा नवरा त्याला नाक खुपसणं म्हणतो, पण त्याचं काय मनावर घ्यायचं. ही जोडी आली आणि माझ्या जिवाला चैन पडेना. नाचताना बघावं तर दोघांत मिळून एकच माणूस आहे असं वाटावं. तिने श्वास घेतला की तो वळायचा. आणि नाच थांबला की? दोघं जाऊन भिंतीजवळ बसायची, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. तो तिला "मिस थॅकर", ती त्याला "मिस्टर हॅगट". दोघांचं आहे तरी काय? ताकास तूर लागू देत नव्हती.

शेवटी ज्या दिवशी तो सोडून देण्याचा प्रसंग घ्यायचा होता, त्या दिवशी सकाळीच मी आयव्हीला कपड्यांच्या खोलीत गाठलं. तिचा पाय माझ्या मांडीवर होता, मी बुटाला कापड चिकटवत होते. पाय हातात असला की माणूस पळून जाऊ शकत नाही.

"कधीपासून नाचता गं तुम्ही दोघं?"

"झाली बरीच वर्षं, मावशी. मॅनेजरने सगळ्यांना ओळीत उभं केलं, उंची बघितली आणि जोड्या लावल्या."

"गाडीला घोडे जुंपतात तशा?"

"तशाच. मला विचारलं नाही, त्यांनाही नाही." ती जरा थांबली. "ब्लॅकपूलला क्लॉड म्हणून एक नाचणारा आहे. मोठ्या स्पर्धा मारतो. त्याची जोडीदारीण लग्न करून गेली, आता त्याला मी हवी आहे. आज संध्याकाळपर्यंत तारेने कळवायचंय."

"अगं बाई! मिस्टर हॅगटना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, चांगली जागा आहे. समुद्र आहे."

"समुद्र?"

"समुद्र."

आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसू लवकर संपलं. "मावशी, त्यांनी नुसतं 'जाऊ नका' म्हटलं असतं ना, तर मी पुढचं काही विचारलंही नसतं. चषक बिषक गेला खड्ड्यात. पण त्यांना काहीच वाटत नसेल, तर मी तिथे बसून करू काय? रोज त्या माणसाच्या हातात हात द्यायचा आणि रोज घरी एकटीने जायचं. आता नाही होत माझ्याने."

मी कापड वाकडं चिकटवलं आणि पुन्हा काढलं.

आता मला दुसरी बाजू ऐकल्याशिवाय जेवण गेलं नसतं. लेनर्ड स्वतःचे बूट स्वतःच घेऊन आला. अतिशय सभ्य, भिडस्त माणूस. दारातून आत येतानासुद्धा दाराची माफी मागेल असा.

"आयव्ही चालली म्हणे," मी म्हटलं.

"हो. मोठी संधी आहे."

"आणि तुम्ही हातावर हात ठेवून बघत राहणार?"

तो बुटाची नाडी नीट करत राहिला. "मावशी, आमच्या नाचघरात 'माफ करा'चा नाच असतो. नाच चालू असताना कुणीही येऊन खांद्यावर थाप मारली, की बाईला सोडायचं, वाकायचं, बाजूला व्हायचं. गिऱ्हाईक कसाही असो, दारू प्यालेला असो. पगारी माणसाने क्षणभरही रेंगाळायचं नाही. रेंगाळला की मॅनेजर दार दाखवतो."

"अहो, पण हे ब्लॅकपूल आहे. नाच नाही हा."

"तेच आहे," तो म्हणाला. "चांगल्या माणसाने थाप मारली आहे. आपण बाजूला व्हायचं."

मला त्याचे कान पिळावेसे वाटले.

जेवणाच्या आधी त्यांचा एक साधा प्रसंग घ्यायचा होता. मागे दोघं नाचताहेत आणि पुढे टेबलाशी कुणीतरी बोलतंय, एवढंच. वाद्यं वाजली तर बोलणं बुडतं, म्हणून वादकांनी नुसते हात हलवायचे, आणि नाचणाऱ्यांनी शांततेत नाचायचं. संगीत नंतर कसंतरी मिसळू, असं पिम म्हणाला होता. ते बघायला फार विचित्र वाटायचं. व्हायोलिनं हलताहेत, पाय सरकताहेत, आणि माशी उडाली तरी ऐकू येईल असा सन्नाटा.

नाचता नाचता दोघं दिव्याच्या उजेडाबाहेर गेली. ब्रॅमली साहेबांना ओरडता येईना. त्यांनी आपल्या बार्नबी नावाच्या मदतनिसाला खूण केली. बार्नबी जाडजूड, गुडघ्यापर्यंत विजार, तोंडात विझलेला पाइप. तो चवड्यांवर चालत गेला आणि 'जरा इकडे सरका' म्हणून त्याने लेनर्डच्या खांद्यावर थाप मारली.

लेनर्डने आयव्हीला सोडलं. कमरेत वाकला. तिचा हात बार्नबीच्या हातात दिला आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

बार्नबीला काही सुचेना. कॅमेरा चालू होता, तेव्हा थांबणंही बरं नाही असं त्याला वाटलं असावं. तो पाइप तसाच तोंडात धरून आयव्हीला घेऊन घुमायला लागला. सगळ्यांनी ओठ दाबून धरले, वादकांचे खांदे गदगदत होते. माझ्या नाकातून एक आवाज निघालाच. 'कट' झाल्याबरोबर असा हशा उसळला की पिम काचेच्या खोलीतून धावत बाहेर आला, "ते डुक्कर कोण होतं?" विचारत.

लेनर्ड कानापर्यंत लाल झाला होता. "माफ करा साहेब. सवय हो. खांद्याला हात लागला की हात आपोआप सुटतो."

"अहो, बार्नबीला कुणी बायको दिली नव्हती आजवर!" ब्रॅमली साहेब डोळे पुसत म्हणाले.

एकटी आयव्ही हसली नाही. ती सरळ माझ्या खोलीत आली आणि टोप काढून टेबलावर आपटला. "बघितलंस, मावशी? सुताराने थाप मारली असती तरी दिलं असतं मला. कपाट उचलून द्यावं तसं. मी आत्ताच तार करते."

"अजून एक प्रसंग राहिलाय ना गं?"

"तो झाला की करते. आणि आजच्या आज सामान बांधते."

मी तिला अडवू शकले असते का? काय सांगून अडवणार? लेनर्डच्या मनात काय आहे ते त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला शंका होती की त्यालाही पूर्ण ठाऊक नव्हतं.

मग आला तो प्रसंग. कॅमेरेवाला आपल्या गादी लावलेल्या पेटीत जाऊन बसला, कारण यंत्राची घरघर मायक्रोफोनला चालत नाही. लाल दिवा लागला. आयव्ही आणि लेनर्ड नाचायला लागली. मी तिथेच होते, पडद्याला टेकून. आयव्हीची मान ताठ होती. लेनर्डचा चेहरा मला दिसत होता, आणि इतका दुःखी चेहरा मी त्या स्टुडिओत पैसे घेणाऱ्या एकाही नटाचा पाहिलेला नव्हता.

रॉडरिक व्हेन ऐटीत आला. थाप मारली. "माफ करा. ही आता माझी."

लेनर्डने हात सोडला, वाकला. व्हेनने हात पुढे केला.

आयव्ही हलली नाही.

"मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो सगळीकडे गेला. ती व्हेनकडे बघतच नव्हती. लेनर्डकडे बघत होती. ब्रॅमली साहेबांनी 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. व्हेनला वाटलं लेनर्ड काहीतरी चुकला. त्याने पुन्हा खांद्यावर थाप मारली.

"थांबा हो जरा!" लेनर्ड मागे न बघता म्हणाला. आणि मग, "मिस थॅकर, ब्लॅकपूलला जायचंय तुम्हाला?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय. आधी धाडस झालं नाही. तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी..." तो अडकला. कपाळावर घाम आला होता. "जाऊ नका. जोडीदार जाईल म्हणून नाही म्हणत. जोडीदार दुसरी मिळेल, मॅनेजर उंची बघून देईल. मला तुम्ही हव्या आहात. नाच संपल्यावर. घरी. सकाळी उठल्यावर."

"हे लग्नाचं विचारताय का, मिस्टर हॅगट?"

"हो. नीट जमलं नाही."

"जमलं की," आयव्ही म्हणाली. "हो. माझं हो आहे."

मला रडू कोसळलं. सांगायला लाज कसली? मी कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडले, म्हणजे पिमला ऐकू जाऊ नये.

"कट!" ब्रॅमली साहेब किंचाळले. मला वाटलं आता दोघांची हकालपट्टी. पण साहेब टोपी उडवत होते. "पिम! उतरलं का ते?"

"श्वास न् श्वास उतरलाय, साहेब," पिम दारात येऊन म्हणाला. त्याच्या हातात आवाज कोरून घेण्याची जाड मेणाची तबकडी होती, नुकतीच यंत्रावरून काढलेली. "पण ऐकायला मागू नका. मेण मऊ असतं, इथे एकदा वाजवलं की बाद. एकतर ठसा काढायला तसंच कारखान्यात पाठवायचं, नाहीतर खरवडून कोरं करायचं."

"पाठवायचं! अर्थात पाठवायचं! या चित्रात आजपर्यंत एक माणूस खरं बोललेला नाही. हे शेवटच्या प्रसंगाला लावू. नायक-नायिका पाठमोरी दाखवू, आवाज यांचे घालू. गोष्टीतली नावं तेवढी बदलू. सगळा देश रडेल!" नायिका जांभई देत होती. व्हेन म्हणाला की त्याची हरकत नाही, जणू ते त्यानेच बोलून दाखवलं होतं. ब्रॅमली साहेब लेनर्डपुढे जाऊन उभे राहिले. "काय हॅगट? तुमची संमती आहे ना? मोबदला चांगला देईन."

आम्ही सगळे लेनर्डकडे बघायला लागलो. मी तर मनात म्हटलं, संपलं. हा आता वाकणार, आणि 'जशी साहेबांची मर्जी' म्हणून तेही देऊन टाकणार. आयव्हीलाही तेच वाटलं असावं. तिने डोळे मिटले होते.

लेनर्ड या वेळी वाकला नाही.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "त्यांना विचारा."

ब्रॅमली साहेबांनी जन्मात कधी पाठमोऱ्या उभ्या राहणाऱ्या बाईला काही विचारलं नव्हतं. ते गोंधळले. टोपी हातात घेतली. मग आयव्हीसमोर गेले आणि शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "मिस थॅकर, तुमची परवानगी आहे का?"

आयव्हीने डोळे उघडले. आधी लेनर्डकडे बघितलं, खूप वेळ, आणि मग साहेबांकडे.

"नाही," ती म्हणाली. "ते मला म्हटलेलं आहे. मी ऐकलं."

पिमने साहेबांच्या तोंडाकडेही बघितलं नाही. तबकडी घेऊन तो आत गेला आणि थोड्याच वेळात आम्हाला मेण खरवडल्याचा आवाज ऐकू यायला लागला.